उघड्या हातांनी

सोमवार, ६
लागली बाई एकदाची नोकरी! पाठदुखीचं इस्पितळ, आणि मी मदतनीस. खोल्या लख्ख, खिडकीत ऊन, राहायला वरच्या मजल्यावर खोली. मुख्य म्हणजे इथल्या माणसांच्या घरच्यांवरही उपचार करतात. माझी आई कमरेपायी इतकी वर्षं अंथरुणाला खिळलीय. तिला आता चालवूनच दाखवते. जागेपणी माणूस दुखरं अंग आखडून धरतो, म्हणून डॉक्टर त्याला भूल देतात आणि झोपेत पाठ, मान, कंबर वाकवून मोकळी करतात. मी फक्त घोटे धरायचे, तेही उघड्या हातांनी. हातमोज्यांनी पकड सटकते म्हणे. डॉक्टर स्वतः मात्र मोजे घालतात. मोठ्या लोकांचं सगळं निराळंच असतं!

मंगळवार, ७
पहिली पेशंट नेमकी माझ्या जागेवर आधी काम करणारी बाई निघाली. कमरेत पार विळ्यासारखी वाकलेली. भूल उतरली तशी ताठ उभी राहिली! माझे हात हातात घेऊन रडली, मला माफ कर म्हणाली. भुलीत माणसं काय वाट्टेल ते बरळतात. मला हसूच आलं.

शुक्रवार, १०
कंबर धरलीय. नवं काम म्हटल्यावर अंग दुखायचंच. आज एक ड्रायव्हर आला होता. डावा खांदा जाम, करंगळी बधिर. उठला तो हात गरागरा फिरवतच.

रविवार, १२
माझी डावी करंगळी बधिर झालीय. खांदा वर जात नाही. काल शिंपीणबाईंची मान सुटली, आज माझी वळत नाही. कुणाची म्हैस आणि कुणाला ऊठबस! विनोद केला खरा, पण भीती वाटतेय. डॉक्टरांकडे मोजे मागितले. ते शांतपणे म्हणाले, "मोजे घातलेस तर पेशंटला गुण येणार नाही."
म्हणजे त्यांना सगळं माहीत आहे.
आत्ताच्या आत्ता पळून जावं. पण बुधवारी आईची पाळी आहे.

बुधवार, १५
डॉक्टरांच्या मोज्यांचा एक जोड गुपचूप खिशात ठेवला होता. आई झोपली. घोटे किती बारीक झालेत तिचे. मी उघड्या हातांनीच धरले.
आई चालली! दारापर्यंत गेली, परत आली. तिनं मिठी मारली तेव्हा मी किंचाळले. आनंदानं किंचाळले, असं सांगितलं.

शनिवार, १८
उठता येत नाही. सगळ्यांचं सगळं माझ्यात — आईचं सर्वांत वाईट. हे सोसून ती हसायची कशी? डॉक्टर म्हणाले, परवा तुलाच टेबलावर घेऊ. घोटे धरायला कोण, असं त्यांनी विचारायचा अवकाश, आई पुढे झाली.

सोमवार, २०
आई हात धुऊन आलीय. लेकीचे घोटे मीच धरणार, म्हणते. किती खूश आहे —
मोजे माझ्या उशीखाली आहेत. तिला दिले तर ती वाचेल. मी अशीच राहीन. सकाळपासून सांगायचं ठरवतेय —
भुलीची सुई तयार आहे. आई विचारतेय, "काही हवंय का गं तुला?"
नाही म्हटलं.
उशी नीट करायला ती वाकलीय — हात खाली घालतेय — मी डोकं घट्ट दाबून —