दुसऱ्या फेरीतले सतरा गुण

मी, हागिवारा शुनेई, दिवंगत भिक्षू हागिवारा शुन्गाकू यांचा धाकटा मुलगा, वय वर्षे एक्क्याऐंशी, पूर्वीचा व्यवसाय पियानोवादन, अध्यापन व स्पर्धांचे परीक्षण, राहणार मात्सुए, सरोवराचा उत्तर काठ, अमिताभ बुद्धाचे नामस्मरण करून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणील इतके जवळचे कोणी उरलेलेही नाही. बुद्धी शाबूत असल्याबद्दल डॉक्टर उमेझाकी साए यांचा दाखला सोबत आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत खाली यायला सांगितले. मी न अडखळता दोनपर्यंत उतरलो. "पुरे, सेन्सेई," गुरुजींना म्हणावे तशा त्या म्हणाल्या, "आता खाली काही नाही." यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम पहिले, देहाविषयी. अंत्यविधी माझ्या वडिलांच्या देवळात व्हावा. आज ते देऊळ माझा पुतण्या शुन्तेई सांभाळतो. आमच्याकडे भिक्षू मृताला नवे नाव देतो, ते मरणोत्तर नाव त्यानेच द्यावे, मात्र त्यात 'नाद', 'ज्ञान' किंवा 'न्याय' या अर्थाचे अक्षर नसावे. आमच्याकडे मृताचा निवाडा सात आठवडे चालतो, आणि दर सातव्या दिवशी आसनावर नवा न्यायाधीश असतो. पाचव्या आठवड्याला यमराज आरसा समोर धरतात, त्यात केलेले सारे दिसते. लहानपणी देवळातल्या त्या चित्रासमोर मी डोळे मिटून उभा राहत असे. वडील म्हणत, "डोळे उघड. खुद्द अमिताभ कोणाला निवडत नाही आणि कोणाला गाळत नाही, जो हाक मारील त्याला घेतो. ही बाकीची मंडळी आपल्या समजुतीसाठी आहेत." थोरल्या भावाला हे पटले, तो भिक्षू झाला. मी निवडणाऱ्यांत आणि गाळणाऱ्यांत जाऊन बसलो. ज्याचा संकल्पच कोणाला न वगळण्याचा, त्याच्या दारात मी चोवीस वर्षांच्या गुणपत्रिका घेऊन कसा उभा राहणार, हे मला अजून उमगलेले नाही.

कलम दुसरे, घराविषयी. राहते घर व खालची जागा शुन्तेईला द्यावी. त्याने ते विकले तरी माझी हरकत नाही. देवळाच्या पायऱ्या चढून त्याचे गुडघेही आता माझ्या वळणावर चालले आहेत. मात्र अंगणातल्या तेंडूच्या झाडाची फळे, झाड उभे असेतो, शेजारच्या श्रीमती तोकिवा यांना मिळावीत. एकोणतीस वर्षांपूर्वी त्यांनी भिंतीवर काठी आपटून सांगितले होते, "हागिवारा-सान, तो एकच तुकडा चाळीस वेळा वाजवलात. येत नसेल तर सोडून द्या की." त्यांचा कान बरोबर होता, तो तुकडा मला शेवटपर्यंत आला नाही. या फळांमुळे त्या लाभार्थी ठरतात आणि त्यांना साक्षीदार होता येत नाही, म्हणून सध्या त्या माझ्यावर रुसल्या आहेत.

कलम तिसरे. बँकेतील शिल्लक औषधोपचार व अंत्यविधी भागवून देवळाच्या घंटाघराचे छप्पर शाकारण्यास द्यावी. याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

कलम चौथे, परीक्षणाच्या साहित्याविषयी. कपाटाच्या खालच्या खणात एक काळी उशी, मऊ शिशाच्या अकरा पेन्सिली आणि खोकल्याच्या गोळ्यांचा डबा आहे. गोळ्यांचे कागद आधीच काढलेले आहेत, कारण सभागृहात कागदाचा चुरचुराट म्हणजे वाजवणाऱ्याच्या पाठीत टोचलेली सुई. पेन्सिल मऊ घ्यायची तीही त्याचसाठी, लिहिल्याचा आवाज मंचापर्यंत जाऊ नये. हे साहित्य कोणा नव्या परीक्षकास द्यावे. त्यास इतकेच सांगावे की तीन आठवडे नऊ माणसे एका टेबलावर जेवतात, आणि प्रत्येकाच्या मनात जी एकच गोष्ट असते ती सोडून बाकी सगळे बोलतात. हवा, दातदुखी, नातवंडे. ज्याला नातवंडे नाहीत त्याने हवेवर भर द्यावा. मी आठ स्पर्धा हवेवर काढल्या.

कलम पाचवे, जुन्या हिशेबाविषयी. माझ्याकडची काळी छत्री बुडापेस्ट येथील श्री. बालिन्त सोम्लाई यांना पाठवावी. ती त्यांचीच आहे. आम्ही दोघे सहा वेळा शेजारी बसून परीक्षण केले. तेरा वर्षांपूर्वीच्या स्पर्धेत, दुसऱ्या फेरीच्या दिवशी न्याहारीला, अंड्यावर मीठ भुरभुरत ते सगळ्यांदेखत म्हणाले, "काय रे शुनेई, आज तुझ्या त्या लेकीसारख्या शिष्येची पाळी ना? पेन्सिल मला देऊन ठेव. उगाच मायेने हात जड व्हायचा."

मी म्हणालो, "माझा हात तुझ्यासारखा लोण्याचा नाही."

"बघू या की," ते म्हणाले, आणि टेबल हसले.

या वाक्याचा राग मी तेरा वर्षे सांभाळला. त्यांना पुढे लिहिलेल्या सोळा पत्रांत हवेचेच वर्णन केले. आता तो राग मी मागे घेतो, कारण सोम्लाईंनी थट्टा केली होती; गुण मी लिहिले होते.

कलम सहावे, पियानोविषयी. हे कलम लिहिण्यासाठीच बाकीची पाच लिहिली. आमचे वकील म्हणाले, "हागिवारा-सान, मृत्युपत्रात कबुलीजबाब लिहीत नाहीत."

"मग तो कुठे लिहितात?"

"तसा नमुना आमच्याकडे नाही," ते प्रामाणिकपणे म्हणाले. सबब येथेच लिहितो.

तोनोमुरा कानाए ही नऊ वर्षांची असताना माझ्याकडे शिकायला आली आणि पंधराव्या वर्षी पुढे शिकण्यासाठी तोक्योला गेली. तिच्याएवढी ऐकणारी बोटे मला नंतर भेटली नाहीत. सव्विसाव्या वर्षी ती आमच्या स्पर्धेत उतरली. नियम असा की गेल्या पाच वर्षांत शिकवलेला विद्यार्थी समोर आला तर परीक्षकाने गुणांच्या जागी फुली मारावी. तिला माझ्या हातून सुटून अकरा वर्षे झाली होती. गुण देण्याचा मला अधिकार होता. मी स्वेच्छेने फुली मारू शकलो असतो. परंतु फुली मारणे म्हणजे 'माझा तोल जाईल' असे कबूल करणे, आणि माझी तर निःस्पृह म्हणून ख्याती. त्या ख्यातीखेरीज माझ्या घरी संध्याकाळी वाट पाहणारे दुसरे कोणी नव्हते.

तिने वाजवले. माझ्या खाजगी वहीत मी पंचवीसपैकी बावीस लिहिले. ती वही आजही आहे. पान दुमडून ठेवले आहे. नंतर अधिकृत कागदावर सतरा लिहिले.

सतराच का, हेही सांगणे प्राप्त आहे. त्या स्पर्धेत एखाद्या परीक्षकाचा गुण सरासरीपासून तीनहून अधिक दूर गेला तर तो बाद होऊन त्या जागी सरासरीच धरत. सरासरी वीसच्या आसपास राहील हे माझ्या अनुभवाला दिसत होते. सोळा लिहिले असते तर गुण मोजणाऱ्या यंत्राने ते पुसले असते आणि मुलगी वाचली असती. सतरा हा पुसला न जाणारा सर्वांत खालचा आकडा होता. म्हणजे माझा हात थरथरला नाही, की रागाने घसरला नाही. चोवीस वर्षांचे कसब पणाला लावून तो नेमका जागी पडला. अंतिम फेरी तिला पाव गुणाने हुकली.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष माझ्यापुढे कमरेत वाकून म्हणाले, "स्वतःच्या विद्यार्थिनीलाही सोडले नाहीत. धन्य आहे." त्या वाक्यावर मी कित्येक महिने जगलो.

कानाए त्यानंतर कोठल्याही स्पर्धेत उतरली नाही. दोन वर्षांनी ती गावी परतली. आता ती बालवाडीत मुलांना गाणी शिकवते. गेली अकरा वर्षे दर गुरुवारी सकाळी दहाला ती माझ्याकडे येते, सरोवरातल्या बारीक शिंपल्यांचे कढण निळ्या पातेल्यात आणते, आणि पियानोच्या पट्ट्या पुसून झाकण लावते. अकरा वर्षांत ती त्यावर एकदाही बसली नाही. "बस की," मी म्हणतो. "माझी बोटं आता टाळ्या वाजवण्यापुरतीच उरलीत, सेन्सेई," ती म्हणते. आणि पातेल्यात डोकावून, "पुन्हा अर्धं ठेवलंत. मी काय मांजरासाठी आणते का?" मांजर आमच्याकडे नाही. गुरुवारखेरीज माझ्या घरात मोठ्याने बोललेला शब्द पडत नाही, रेडिओ सोडला तर.

हे तिला सांगितले तर गुरुवार जाईल, एवढ्या एका भीतीने मी अकरा वर्षे गप्प राहिलो. आरशाला भिणारा मुलगा म्हातारा झाला, पण त्याने डोळे उघडले नाहीत.

सबब माझा पियानो, बाकासह, आणि ती खाजगी वही मी तोनोमुरा कानाए हिला देतो. माझी एक विनंती आहे, की माझ्या पश्चात सातही आठवडे, दर सातव्या दिवशी, तिने देवळात येऊन माझ्यासाठी अमिताभाचे नाव घ्यावे.

कलम सातवे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शुन्तेईने करावी.

येणेप्रमाणे लिहून पूर्ण केले, रेइवा सहावे वर्ष (इ. स. २०२४), नोव्हेंबर १२.

पुरवणी

वरील मजकूर पूर्ण केल्यावर मी तो दोनदा वाचला, आणि मला त्यात जुनाच परीक्षक दिसला. मेल्यानंतर कबूल करणे म्हणजे निकाल लावून, दिवे मालवून, मागच्या दाराने निघून जाणे. म्हणून ता. १४, गुरुवारी, कानाए पट्ट्या पुसून वळली तेव्हा मी कलम सहावे तिच्या हाती दिले. ती खिडकीपाशी उभी राहून वाचू लागली. मी हवेविषयी काहीही बोललो नाही.

वाचून झाल्यावर तिने कागदांच्या कडा जुळवल्या. मग विचारले, "वही दाखवता?"

मी दुमडलेले पान काढून दिले. तिने माझ्या अक्षरातल्या बावीसवर बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही.

"म्हणजे मी बरं वाजवलं होतं."

"त्या वर्षी तसे दुसऱ्या कोणी वाजवले नाही," मी म्हणालो.

"मला वाटायचं, तुम्हाला आवडलं नव्हतं. आईला म्हटलं होतं, सेन्सेईंनाच आवडलं नाही, तर आता कुणासाठी वाजवायचं." तिने पान पुन्हा दुमडले. "हे एवढंच तेव्हा सांगितलं असतंत तरी चाललं असतं. गुण ठेवायचे होते सतरा."

मी कपाळ चटईला टेकवले. वर पाहिले तेव्हा ती दारात बूट घालत होती. "कढण गरम करून घ्या," ती म्हणाली, जिभेच्या सवयीने, आणि गेली. पातेले तिने नेले नाही.

ता. २१ चा गुरुवार गेला. ता. २८ चाही गेला. श्रीमती तोकिवा भिंतीपलीकडून म्हणाल्या, "तुमची मुलगी आजारी आहे का हो?" मी म्हणालो, "नाही. मी आहे." त्यांनी संध्याकाळी थोडी फळे दारात ठेवली, झाड माझेच.

सबब पुढील फेरफार करतो.

एक. कलम सहामधील, दर सातव्या दिवशी देवळात येण्याची विनंती मी रद्द करतो. ज्याने गाळले त्याने हाक मारण्यासाठी दुसऱ्याचा गळा मागू नये. माझे नामस्मरण मीच करीन, हयातीत, आजपासून.

दोन. पियानो व वही तिलाच जावी, कोणतीही अट न घालता. तिने पियानो विकला, बालवाडीला दिला किंवा नाकारला, तरी कोणी तिला कारण विचारू नये.

तीन. निळे पातेले घासून ठेवले आहे. ती स्वतः न्यायला आली नाही तर शुन्तेईने ते हाती नेऊन द्यावे, टपालाने पाठवू नये. रिकामे देऊ नये. आत तेंडूची फळे ठेवावीत, श्रीमती तोकिवांना विचारून.

चार. माझ्या मृत्यूपासून एकोणपन्नासाव्या दिवसापर्यंत, दर गुरुवारी सकाळी दहा ते बारा या घराच्या दाराला कडी लावू नये. शेगडी पेटवावी, पियानोचे झाकण उघडे ठेवावे, आणि घरात कोणीही थांबू नये. त्या वेळात कोणी आत येऊन वाजवले, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भिंतीवर काठी आपटू नये. आणि कानावर पडलेच तर कसे झाले याविषयी, चांगले वा वाईट, एक अक्षरही बोलू नये. मी हयात असेतो गुरुवारी दार उघडे ठेवण्याचे काम माझे.

वकील म्हणाले की स्वहस्ताक्षरातील मृत्युपत्राला आमच्या कायद्याने साक्षीदार लागत नाहीत. ठाऊक आहे. परंतु चोवीस वर्षे मी आठ जणांच्या सह्यांच्या ओळीत सही केली. एकट्याची सही मला उघड्यावर पडल्यासारखी वाटते. म्हणून या मृत्युपत्रात ज्यांना काहीही मिळत नाही अशा दोघांना विनंती केली, आणि ते आले.

(सही व शिक्का) हागिवारा शुनेई

आमच्या समक्ष सही केली:

१. कादोवाकी तोयोजी, पियानो सुरात लावणारे. (माझ्या विनंतीवरून त्यांनी आज तोही लावून दिला. "कोणी वाजवणार आहे का?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "ठाऊक नाही. पण लावा.")

२. डॉक्टर उमेझाकी साए

स्थळ: मात्सुए
रेइवा सहावे वर्ष, नोव्हेंबर २९, शुक्रवार. पुढच्या गुरुवारला सहा दिवस आहेत.