विहिरीतला पितळी डबा

मे १९८६

बाबा, जयभीम.

लातूर जिल्हा झाला, पण आपल्या गावाला पाणी काही आलं न्हाई. वस्तीची विहीर आटली म्हणून आम्ही गाळ काढत होतो. परवा शेजारच्या भीमाच्या टोपल्यात एक पितळी डबा आला, तारेनं आवळलेला. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर तुम्ही घरातले देव ज्यात घालून बुडवले, तोच.

सांजच्याला देवळाचे पंच व्यंकटराव आले. म्हणाले, "मारोती, तू ग्रामपंचायतीला उभा हाईस. तुझ्या बापानं देव बुडवले म्हणून पाऊस रुसलाय. ते तुझ्या हातानं देवळात बसव, नारळ फोड. गाव मतं देईल, अन् आमच्या विहिरीवर तुमच्या बायांना पाणी बी भरू देईल."

विचार करतो म्हणालो. तुमची सून सरजा दोन कोसांवरून घागर घेऊन आली, तिच्या पायाकडं बघितलं अन् विचार संपला. निवडून आलो की हक्कानं भरू, असं मनाला सांगितलं. काल नारळ फोडला.

बावीस प्रतिज्ञा तुम्ही माझ्याकडून पाठ करून घेतल्या होत्या. त्या वेळेला एकही आठवली न्हाई, असं लिहिणार होतो. सगळ्या आठवल्या.

हे पत्र टाकणार न्हाई. उद्या मुखेडच्या एस्टीनं तुम्ही माझ्या प्रचाराला याल, अन् आल्या आल्या तांब्याभर पाणी मागाल. कुठल्या विहिरीचं, तेवढं विचारू नका.

तुमचा
मारोती