खंडेनवमीचं कुंकू आणि सहा फ्लॉप्या

पुंडलिकनगर, बुधवार

तीर्थरूप अण्णा,

इथूनच पाचोडपर्यंत वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनी म्हणतात, जिना चढताना दुखतो आणि बाजाराला निघालात की दुखत नाही. जपा.

माझं भरतकामाचं मशीन तुम्ही पाहिलंय. वीस वर्षांचं आहे आणि नक्षी फक्त फ्लॉपीवरूनच वाचतं. छावणीतली माझी भागीदार सदफ संगणकावर नक्षी काढून फ्लॉपीत भरते. मी ती मशीनमध्ये सारते आणि कापडावर वेल उमटते. सदफच्या जन्नतचं लग्न पंधरा दिवसांवर आलंय. चाळीस ओढण्या, सगळ्यांवर डाळिंबाची वेल. (ही पोर तीन वर्षांची असताना याच मशीनखाली झोपायची. आवाज थांबला की रडायची.)

तर खंडेनवमीला मी मशीन पुसलं, झेंडू वाहिला, हळदकुंकू लावलं. मग वाटलं, सगळी अक्कल ज्यांच्यात, त्या फ्लॉप्याच बिनपूजेच्या राहिल्या. सहाही पाटावर मांडल्या. प्लास्टिकवर कुंकू टिकेना, म्हणून प्रत्येकीचा पत्रा सरकवून आतल्या काळ्या तबकडीलाच बोट टेकवलं. (ओलं कुंकू होतं. भाव होता अण्णा, हसू नका.) दसऱ्यानंतर मशीन लावलं, तर ते नुसतं करकरलं. एक फ्लॉपी वाचेना म्हणून दुसरी, अशा सहाही मीच त्याला चारल्या. सदफ आली, रस्सा माखल्यासारख्या लालभडक तबकड्या बघून म्हणाली, "विशाखा, पूजा करी की सालन बनाई?" हसली खरी, पण डोळे पुसत होती.

तुमची श्रेया (इंजिनिअर झाल्यापासून तिला माझ्या घरातलं सगळंच जुनं दिसतं) म्हणाली, "आत्या, फ्लॉपी आता संगणकातल्या 'सेव्ह'च्या बटणावरच्या चित्रापुरती उरलीय. भंगारात दे हे." मी म्हटलं, "बाई, नवं मशीन यायला महिना लागतो. तोवर जन्नतच्या ओढण्यांवर तुझं बटण काढू का?" मग छावणीतल्या नवाबभाईंना आणलं. हे रेडिओ दुरुस्त करणारे, सत्तरीतले. त्यांनी कापसानं मशीनचं तोंड आतून पुसलं आणि बजावलं, "बाजी, मशीनकू तेल होना, कुंकू नक्को." मशीन बरं झालं. सदफच्या संगणकात नक्षीही शाबूत आहे. पण ती भरायला फ्लॉपी कुठं? चार दुकानं फिरले. एकानं विचारलं, "काकू, ते काय असतं?" तरी मी मागं हटणार नाही. ओढण्या याच मशीनवर होतील.

वहिनींना नमस्कार.

तुमची,
विशाखा

ता.क. शाळेतून निवृत्त होताना तुम्ही आत्मचरित्र टाइप करून आठ फ्लॉप्यांत ठेवलं होतं. त्या हव्यात. आतलं पुसावं लागेल. परवानगी असावी.

ता.क. दुसरा. परवानगीची घाई नाही. वहिनींनी फ्लॉप्या सोमवारीच एसटीनं पाठवल्या. चार चालल्या, त्या पुसल्याही. आधी वाचलं, देवाशप्पथ. पहिल्या तिनांत मुख्याध्यापकांशी झालेली भांडणंच होती. चौथीत मात्र मला सायकल शिकवताना तुम्ही ओढ्यात पडलात, ते होतं. तेवढी पानं श्रेयाकडून छापून घेतलीत, सोबत आहेत. (ढकललं मी होतं, हे तुम्ही लिहिलं नाहीत. बरं वाटलं.)

ता.क. तिसरा. आत्तापर्यंत अकरा ओढण्या झाल्या. लग्नाला नक्की या. तुमचं आत्मचरित्र चाळीस बायका डोक्यावर घेऊन हिंडताना दिसतील.