मी ‘पायरी’ म्हणालो होतो

दि. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लिहीन लिहीन म्हणत किती दिवस घालवले, ते विचारू नकोस. कागद आणला तर पेन सुकलेलं. पेन आणलं तोवर कागदावर चहाचा कप ठेवून बसलो होतो. खरं म्हणजे सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि जे होतं ते सांगावंसं वाटत नव्हतं.

काचेच्या गोदामातलं काम चालू आहे. दरवाजाएवढ्या काचा दोघांनी उभ्या धरून न्यायच्या. एकजण सरळ चालतो, दुसरा त्याच्याकडे तोंड करून उलटा, मागे मागे. उलट्याला वाट दिसत नाही, म्हणून सरळ चालणाऱ्यानं सांगायचं: पायरी, वळण, दार. बाकी गप्पा बंद, म्हणजे माझी शिक्षाच. माझ्या जोडीला मामा. सगळं गोदाम त्यांना मामाच म्हणतं, सख्खे कुणाचेच नाहीत. मला म्हणतात, बोलतोस फार, त्यातलं कामाचं तेवढं मी ऐकतो.

आमच्या घरमालकिणीकडे पोपट आहे. हुबेहूब तिच्यासारखा खोकतो. ती बिचारी आपणच खोकलो समजून पाणी पिते.

संध्याकाळपासून सिनेमागृहात फरश्या पुसतो, उजाडायला खोलीवर येतो. आधी वेळ नव्हता म्हणून झोपत नव्हतो, आता सुट्टीच्या दिवशीही डोळ्याला डोळा लागत नाही. काळजी करू नकोस, सवय होते माणसाला. उलट दिवस मोठा मिळतो. परवा बुटाची नाडी तुटली आणि मी जिन्यात बसून रडलो, ते मात्र हसण्यासारखंच.

एक वाईट बातमी. मामांचा हात काचेनं कापला. उलटे चालताना पायरीवरून घसरले. दोन बोटं वळत नाहीत. ते म्हणतात, मी काही सांगितलंच नाही. ताई, मी ‘पायरी’ म्हणालो होतो. माझा आवाज मला आठवतो. पण तेव्हापासून माझ्यासोबत काच धरायला कुणी येत नाही, म्हणून दुसरं काम बघितलंय. महिनाअखेरीपासून फर्निचर पोचवणारी गाडी चालवायची. गाडीत निदान एकट्यानं बसायचं असतं.

अगं हो, एक सांगायचं राहिलंच. घरमालकिणीकडे पोपट आहे. हुबेहूब तिच्यासारखा खोकतो. ती बिचारी आपणच खोकलो समजून पाणी पिते.

बाबांना आणि भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवलास तर आमची ना नाही.

तुझा,
भिंगरी


दि. १५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र बाबांना मोठ्यानं वाचून दाखवत होते. पोपटाला ते खूप हसले. शेवटी पोपट पुन्हा आला तेव्हा हसायचे थांबले आणि चष्मा पुसत बसले. एकाच पत्रात तेच, त्याच शब्दांत. तुला कळलंसुद्धा नाही ना रे?

आणि न झोपायची सवय होते म्हणून कोण सांगतोय? जो माझ्या सायकलवर मागे बसून झोपायचा आणि सगळी लाळ माझ्या पाठीला लावायचा, तो!

आमच्या शिवणाच्या दुकानात डॉक्टरीणबाई कपडे टाकतात. मापं घेता घेता त्यांना तुझं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, कामापायी जागणं हे वाईटच, पण निवांत पडूनही आठवडेच्या आठवडे झोप येत नाही, विसरायला होतं, नाडी तुटली म्हणून रडू फुटतं, तेव्हा त्याला सवय म्हणू नये. डॉक्टर गाठावा. असा माणूस उघड्या डोळ्यांनी क्षणभर झोपतो आणि त्याचा त्यालाच पत्ता नसतो. मी विचारलं, मग याला स्वतःचा आवाज कसा आठवतो? त्या म्हणाल्या, म्हणायचं मनात आलं असेल, आणि तोंडात येईपर्यंत तो झोपला असेल.

तू खोटं बोलत नाहीस, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर हे लिहितेय. थापा मारत असतास तर कान पिळला असता.

गाडीला हात लावू नकोस. फरश्या सोड, आधी दवाखान्यात जा. तू ऐकणार नाहीस, हेही ठाऊक आहे. पण पाकिटं तू गोदामातलीच ढापतोस, आणि त्यांच्यावर गोदामाचा फोन नंबर छापलेला असतो. पुढचं मी बघते. रागावलास तर रागाव, माया मात्र पातळ करू नकोस.

तुझी,
ताई


दि. २४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून डोकंच फिरलं. दोन ओळी भांडणाच्या लिहिल्या, मग खोडल्या. खालच्या गच्चीवर एक बाई गादी झोडपतेय, एवढी धूळ की जणू आख्खी इमारत झाडतेय. काय सांगत होतो? हां, गाडी.

काल किल्ली मिळाली. मालकानं शेजारी बसून एक चक्कर मारायला लावली. बरी झाली. म्हणजे गाडी जागेवर आणून लावली, एवढं नक्की. मालक म्हणाला, शाळा सुटायच्या वेळी रस्त्यात पोरंच पोरं असतात, पण तू सांभाळून काढलीस. ताई, मला एकही पोर दिसल्याचं आठवत नाही. शाळाच आठवत नाही. हे तुला लिहायचं नव्हतं.

उद्या सकाळी कपाटं घेऊन निघायचंय. नाही म्हटलं तर हेही काम जाईल, मग पुन्हा दुसरं गाव. गावांना काय तोटा.

थांब, दार वाजतंय.

मामा आलेत. उजव्या हाताला पट्टी, डाव्यानं कठडा धरलेला, म्हणून दारावर लाथा घालत होते. तू गोदामात फोन केलास म्हणे. खाटेवर बसून धापा टाकत त्यांनी आधी आमचा जिना बांधणाऱ्याचा उद्धार केला. मला वाटलं, आता माझी पाळी. म्हणून मीच आधी म्हणालो, की मी सांगितलं होतं. ते चिडले नाहीत. म्हणाले, मी तुझ्या तोंडाकडेच बघत होतो, दुसरीकडे बघायची मला सोयच नव्हती. तोंड उघडलंस, डोळेही माझ्यावरच होते, पण आत तू नव्हतास. तिथल्या तिथे थांबायला हवं होतं, पण वाटलं, आता बोलशील.

गाडीची किल्ली टेबलावर होती. ती त्यांनी डाव्या हातानं उचलून खिशात टाकली. मालकाला ते स्वतः नेऊन देणार आहेत. दवाखाना बंद व्हायच्या आत निघू म्हणतात, आणि मी बूट घालायची वाट बघत दारात उभे आहेत. पट्टीतून त्यांची दोन बोटं बाहेर दिसतात, सरळच्या सरळ.

बाबांना सांग, मी निघालो. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा,
भिंगरी