पेटीपुढे न थांबलेली गाडी

प्रिय दादा,

बाबांच्या माघारी त्यांची गाडी विकायला माझी काहीच हरकत नाही. तुला लेखी संमती हवी होती, ती ही घे. "त्या डबड्यात आता काय उरलंय?" असं तू म्हणालास, ते खरंच आहे. मी आपला सहज कार्बोरेटर उघडून साफ केला, सायलेन्सर तारेने बांधला आणि लोंबणारं दार सरळ केलं. गिऱ्हाइकापुढे लाज जायला नको. वहिनीला सांग, नखांतलं काळं अजून निघत नाही, बाबांचंही निघायचं नाही.

गाडी आता छान पळते. फक्त तापल्यावर उभी केली की बंद पडते आणि तासभर रुसून बसते.

तुझी,
धाकटी

ता. क. पेटी कोपऱ्यावरच आहे, पण पत्र टाकायला गाडीनेच निघाले. आधी जरा लांबून फिरून आले, त्यात ती तापली. मग पेटीपुढे थांबायची सोय राहिली नाही. चालत्या गाडीतून हात लांबवून पाहिला, पोचला नाही. तिसऱ्या फेरीला पोस्टमनच घाबरून फुटपाथवर चढला. शेवटी पत्र घेऊन घरी आले.

दोष कॉइलचा आहे, बदलायला पाच मिनिटं लागतात. नवी कॉइल महिन्यापूर्वीच आणून कपाटात ठेवली आहे. आहे तिथे बरी आहे.