दोन बरण्यांचा कौल

१८ ऑगस्ट
जत्रेहून परत. पाय सुजले आहेत, पण डोकं स्वच्छ.

जत्रेत प्रत्येकाला मक्याचा एक दाणा देतात. आपल्याला राष्ट्राध्यक्ष म्हणून जो हवा, त्याच्या बरणीत तो टाकायचा. नुसती गंमत. मी दाणा हातात धरून उभी राहिले. मागची बाई म्हणाली, पोरी, टाकायचाय फक्त, पेरायचा नाहीये. मी रांगेतून बाजूला झाले. ज्यांना विचार करायचा नसतो त्यांना घाई असते. दाणा घरी आणून थंडीच्या कोटाच्या खिशात जपून ठेवला आहे.

कल्पना मात्र चांगली आहे. आता घरी माझ्या खिडकीत दोन बरण्या. एक सिनेटर प्रुएट यांची: तीस वर्षं सिनेटमध्ये, म्हणजे अनुभव. दुसरी महापौर केसलर यांची: पूर यायच्या आधी, सगळे नको म्हणत असताना पूल बंद करायला लावला, म्हणजे समज. चांगली गोष्ट दिसली की एक दाणा. जी बरणी आधी भरेल, तिच्या उमेदवाराच्या कोपऱ्यात मी फेब्रुवारीत कॉकसला, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या सभेत, उभी राहीन.

आई प्रुएटची. बाबा केसलरचे. याचा माझ्या निवडीशी काहीही संबंध नाही. मला चौदाव्या वर्षापर्यंत आईने स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलं आणि गणित बाबांनी गोठ्यात. दोघांनी एकच गोष्ट शिकवली: दोन्ही बाजू बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

गव्हर्नर मेबरीही उभ्या आहेत. लायब्ररीत पुस्तकं न्यायला येणारं अर्धं गाव त्यांच्याबद्दल बोलतं. पण तीन बरण्या खिडकीत मावत नाहीत.

निश्चय: सप्टेंबर संपायच्या आत निर्णय.

६ सप्टेंबर
सिनेटर प्रुएट चर्चच्या हॉलमध्ये आले होते. आईने लिंबाच्या वड्या केल्या होत्या. तिच्या वड्या असल्या की गर्दी होते, आणि गर्दीचं श्रेय सिनेटरना जातं.

मी प्रश्न तयार करून गेले होते: तीस वर्षांतल्या कोणत्या चुकीने तुम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं? ते म्हणाले, मी जरा जास्तच काम करतो. सगळे हसले. मग त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. माझ्या प्रश्नाने ते हलले असावेत. आईचं म्हणणं, अगं, फोटोवाल्याचा कॅमेरा अडकला होता.

एक दाणा. उत्तराला नाही, हात धरण्याला.

२७ सप्टेंबर
महापौर केसलर ड्वेनकाकांच्या कोठारात. ड्वेनकाका म्हणजे आमच्या वॉर्डाच्या कॉकसचे अध्यक्ष, निवृत्त गुरांचे डॉक्टर. अजूनही माणसांशी गुरांसारखंच बोलतात: चला, चला, बाजूला व्हा.

मी विचारलं, असा एखादा निर्णय सांगा ज्याची तुम्हाला अजून खात्री नाही. त्या म्हणाल्या, कोठारात हे बूट घालून येण्याचा. बाबा इतके हसले की त्यांना खोकला लागला. प्रामाणिक उत्तर म्हणून एक दाणा. मग लक्षात आलं की सिनेटरनी हात धरला होता, यांनी धरलाच नाही. अर्धा दाणा वजा करायला हवा. मक्याचा दाणा अर्धा होत नाही. म्हणून सिनेटरना एक आणखी दिला आणि मग वाटलं, हे जास्त झालं, म्हणून महापौरांनाही एक.

बरण्या समान. निःपक्षपातीपणाची खूणच.

१ ऑक्टोबर
सप्टेंबर संपला. तशी घाई नाही. थंडीत विचार जास्त स्पष्ट होतो. आता रोजच्या बातम्यांचेही दाणे टाकते; दोन्ही बरण्या सारख्याच चढताहेत.

२१ ऑक्टोबर
अनर्थ.

टीव्हीवर उमेदवारांचा वादविवाद होता. मी लायब्ररी बंद करून उशिरा पोचले. आई-बाबा सोफ्याच्या दोन टोकांना, मध्ये मोठं भांडं. पॉपकॉर्न. मी एक मूठ खाल्ली आणि विचारलं, घरात पॉपकॉर्नचे दाणे होते? बाबा म्हणाले, होते की, तुझ्या खिडकीत, दोन बरण्यांत, कॉरी.

माझी दोन महिन्यांची विवेकबुद्धी त्यांनी लोण्यात परतली होती.

मी विचारलं, निदान कुठल्या बरणीत जास्त होते? बाबा म्हणाले, सारखेच वाटले. आई म्हणाली, डावीकडचे जरा चांगले फुलले. डावीकडची प्रुएट यांची. बाबा म्हणाले, फुगणं हे त्या सिनेटरचं पहिल्यापासूनचं काम. आईने भांडं स्वतःकडे ओढून घेतलं. त्यानंतर कोणी बोललं नाही.

मला ती शांतता चांगली ओळखीची आहे. मी चौदा वर्षांची असताना त्या दोघांनी असेच दोन वेगळे उमेदवार धरले होते. कॉकसच्या रात्री मी खिडकीतून पाहिलं: बाबा ट्रकमधून आले आणि आई एकटी बर्फातून चालत. दुसऱ्या दिवशी न्याहारीला बाबा एक शब्द बोलले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी दोघांच्या मध्ये बसून एकाला मीठ आणि एकीला जॅम देत राहिले.

आमच्याकडे कॉकसला मतपेटी नसते. शाळेच्या जिममध्ये सगळा वॉर्ड जमतो आणि आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभा राहतो. सगळ्यांना सगळे दिसतात. ज्या कोपऱ्यात पुरेशी माणसं नसतील तो कोपरा मोडतो आणि त्यातल्यांना दुसरीकडे जावं लागतं. पूर्वी कधी मी गेले नाही. यंदा जाणार.

पण ते वेगळं. माझी काळजी फक्त देशाची आहे.

निश्चय: नवे दाणे. यावेळी गुरांच्या खुराकातले. ते फुलत नाहीत.

२६ नोव्हेंबर
थँक्सगिव्हिंग. टेबलावर राजकारण नाही, असा आईचा नियम. तो तिने स्वतःच पाळला नाही. बाबा टर्की कापत असताना म्हणाली, कापायला अनुभव लागतो. बाबा म्हणाले, कधी थांबायचं ते कळायला समज लागते. मी म्हटलं, किती छान मऊ झाली आहे!

बाबांच्या टर्कीचे दोन तुकडे घेतले, म्हणून आईच्या भोपळ्याच्या पायचेही दोन. मग बाबांनी आग्रह केला. मग आईने. पोट बिघडलं. न्यायाची किंमत मोजावी लागते.

१२ डिसेंबर
दोन्ही प्रचार कार्यालयांतून रोज फोन. मी ठरवलेलं नाही असं सांगितलं की त्यांचा आवाज एकदम गोड होतो. प्रुएटवाल्या मुलीने माझ्या मांजराची चौकशी केली. केसलरवाल्याने विचारलं, कॉरी, कशामुळे तुझं मन वळेल? मी त्याला माझी पद्धत समजावून सांगितली. तो शेवटी म्हणाला, मला अजून बरेच फोन करायचे आहेत. भारावला असावा.

दोन्ही बाजू माझ्या निर्णयाकडे डोळे लावून आहेत. जबाबदारीने झोप लागत नाही.

ड्वेनकाका लायब्ररीत आले होते. म्हणाले, तू मेबरीबाईंचं भाषण ऐकलंस का? मी म्हटलं, मला आधी हे दोघं पूर्ण करायचे आहेत. ते म्हणाले, पोरी, तू लग्नासाठी नवरा शोधायला लागलीस तर आम्हाला आधी सांग, आम्ही वर जायच्या आत उरकायला हवं.

१७ जानेवारी
आईला प्रुएटवाल्यांनी कोपऱ्याची कॅप्टन केलं. बाबांना केसलरवाल्यांनी. दोघांना बिल्ले मिळाले. अंगणात वाटेच्या एका बाजूला आईची पाटी आणि दुसऱ्या बाजूला बाबांची. मी गाडी बरोबर मधून नेते.

आज केसलर यांची बरणी वर गेलेली दिसली. काळजीपूर्वक पाहिल्यावर कळलं की त्यातले काही दाणे मोठे आहेत. मोठा दाणा जास्त जागा घेतो, हा अन्याय आहे. काढून टाकले. समान.

मग रात्रीच्या जेवणाला बाबा थकलेले दिसले. दाणे परत टाकले.

३१ जानेवारी
उद्या. चर्चमध्ये शांती मिळावी म्हणून प्रार्थना केली. मग शांतीऐवजी शहाणपण मागायला हवं होतं असं वाटलं, म्हणून पुन्हा केली.

आई म्हणाली, तुझ्यावर माझा काही दबाव नाही हं, पण कोपऱ्यात खुर्ची ठेवलीय तुझ्यासाठी. बाबा म्हणाले, तू मोठी झालीस, हवं तिथे उभी राहा, फक्त माझ्याकडे हीटर जवळ आहे.

योजना पक्की: जिममध्ये शिरताना दोन्ही बरण्या मनात आणायच्या आणि पाय जिकडे वळतील तिकडे जायचं. पाय खोटं बोलत नाहीत.

२ फेब्रुवारी
काल काय झालं ते नीट लिहिलं पाहिजे.

पाय वळले नाहीत. बास्केटबॉलच्या कोर्टाच्या बरोबर मध्यावर थांबले. खिशात हात घातला तर जत्रेतला दाणा. तो मुठीत घेऊन उभी राहिले.

ड्वेनकाकांनी मोजणी केली. एकूण ऐंशी माणसं, म्हणजे शेकडा पंधराच्या नियमाने कोपरा टिकायला बारा लागतात. गव्हर्नर मेबरी: सत्तावन्न. (सत्तावन्न! मी त्यांना एक दाणासुद्धा दिला नव्हता.) प्रुएट: अकरा. केसलर: अकरा. अनिर्णित: एक.

सगळी जिम माझ्याकडे बघायला लागली. ड्वेनकाका ओरडले, चल गं, हल कुठेतरी, नाहीतर मी शेपूट पिरगाळतो! आईने लिंबाच्या वड्यांचा ट्रे वर उचलला. बाबांनी हीटरकडे बोट दाखवलं. आईच्या कोपऱ्यातल्या मिसेस व्हिसर म्हणाल्या, नेल, तुझीच मुलगी ना ही? आई म्हणाली, शिकवलंय मीच, आता कुणाला बोल लावू?

मला फक्त चार पावलं टाकायची होती. एका बाजूला टाकली असती तर दुसरी बाजू मोडली असती. माझ्या डोळ्यांसमोर बर्फातून चालणारी आई होती. मग न्याहारीला गप्प बसलेले बाबा. अनुभव आणि समज कुठेच नव्हते.

वेळ संपला. ड्वेनकाका म्हणाले, दोन्ही कोपरे मोडले.

मी डोळे मिटले. उघडले तर समोर आई, ट्रे घेऊन. म्हणाली, मेबरीकडे मी जाणार नाही, आणि तुझ्या बाबांकडे तर मेले तरी नाही. सरक. ती माझ्या उजवीकडे उभी राहिली. तिच्यामागे तिचे दहा जण, वड्यांच्या मागे. मग बाबा आले. म्हणाले, मी प्रुएटच्या माणसांत उभा राहत नसतो, मी फक्त माझ्या मुलीजवळ उभा आहे. डावीकडे उभे राहिले. त्यांचेही दहा आले.

अनिर्णित: तेवीस. नियमात अनिर्णितांचाही कोपरा धरतात; तो टिकला. आम्हाला जिल्ह्याच्या अधिवेशनाला एक प्रतिनिधी पाठवायचा हक्क मिळाला. कोण जाणार असं विचारल्यावर बावीस बोटं माझ्याकडे वळली. मार्चमधला अख्खा शनिवार. तिथे पुन्हा कोपरे.

घरी तिघं ट्रकमधून एकत्र. मी मध्ये. मला राहवलं नाही. म्हटलं, मला वाटलं होतं की तुम्ही त्या वेळेसारखे वेगवेगळे घरी याल, आई बर्फातून. आई म्हणाली, बर्फातून? अगं, तेव्हा ट्रकमध्ये चर्चच्या खुर्च्या होत्या, वर पियानोचं स्टूल, मी काय त्याच्यावर बसू? मी विचारलं, आणि न्याहारीला बाबा बोलत नव्हते ते? बाबा म्हणाले, घसा बसला होता ना माझा, रात्रभर ओरडून. आई म्हणाली, फार छान तीन दिवस होते ते.

मग कळलं की लग्नाआधीपासून दोघांनी एकदाही एकाच उमेदवाराला धरलेलं नाही. त्यांची ओळखच त्या जिममध्ये झाली. आईचा कोपरा मोडला होता आणि बाबा वडी मागायला आले होते.

आठ वर्षं मी त्यांना मीठ आणि जॅम देत होते. त्यांना वाटायचं, मुलीला फार काम करायची हौस.

अर्थात, मी मध्यावर उभी राहिले ते केवळ तत्त्वाने. हे इथे नोंदवून ठेवते.

११ फेब्रुवारी
सकाळी सिनेटर प्रुएट शर्यतीतून बाहेर पडले. दुपारी महापौर केसलर. बाबा म्हणाले, बघ, तुझ्यामुळे नाही हं. आई म्हणाली, थोडं तुझ्यामुळेच.

बरण्यांतले दाणे कोंबड्यांना घातले. दोन्हीकडचे आधी मिसळले, म्हणजे कुणाला जास्त जायला नको.

संध्याकाळी फोन वाजला. गव्हर्नर मेबरी यांचं कार्यालय! शेवटी माझी दखल घेतली. मी पटकन खुर्ची ओढून बसले. मी म्हटलं, प्रतिनिधी म्हणून मी अजून खुली आहे, पण मला अनुभव आणि समज या दोन्ही बाबतीत काही प्रश्न विचारायचे आहेत. पलीकडची मुलगी म्हणाली, नको नको, आमच्याकडे माणसं भरपूर आहेत. आम्हाला फक्त एवढंच विचारायचं होतं की अधिवेशनाला तुमच्या आईच्या त्या लिंबाच्या वड्या मिळतील का.

मी म्हटलं, दोन्ही बाजूंनी विचार करून सांगते.