येते हं

रविवार, १३ नोव्हेंबर १९९४

आलो बाई एकदाचे. टेंपोवाल्याने परळपासून सुकापूरपर्यंत आमचा संसार असा घुसळून आणला की निम्म्या कपांचे कान उडाले, पण माझी आज कशाबद्दलच तक्रार नाही. संध्याकाळी माझ्या स्वतःच्या ओट्यावर मी पिठलं-भात केला आणि मीठ जास्त झालं म्हणायला जाऊबाई शेजारी उभ्या नव्हत्या. लग्न झाल्यापासून दिरांच्या घरात एका पडद्याआड संसार केला. आज दाराला आतून कडी लावली आणि उगाचच दोनदा काढून परत लावून पाहिली.

जागा दुसऱ्या मजल्यावर. हॉल, बेडरूम, ऐसपैस स्वयंपाकघर आणि रस्त्याकडे गॅलरी. पलीकडे नवीन पनवेलच्या सेक्टरांतली बैठी घरं ओळीने दिसतात. कमलाकरला जागा विकतच घ्यायची होती. आज त्याला एस.टी.ने बेलापूर गाठून मग लोकल धरावी लागते, पण उद्या लोकल पनवेलपर्यंत आली की इथे कोणी उभं करणार नाही, हे त्याचं पालुपद. माझं म्हणणं, आधी भाड्याने राहू. पाणी कसं, शेजार कसा, जागा मानवते का ते पाहू. माझ्या वडिलांनी डोंबिवलीत घाईघाईने जागा घेतली आणि पुढे जन्मभर बादल्या घेऊन टँकरमागे धावले. घरमालक कृष्णकांतराव पुण्याचे, बोलायला फारच गोड. राहा, आवडली तर घ्या, फक्त पौष लागायच्या आत कळवा, पौषात मी व्यवहार करत नाही, म्हणाले.

कमलाकरने मात्र पितळेची पाटी करून आणली आहे. ‘कमलाकर व अरुंधती टिपणीस’. चार स्क्रू पिळून दारावर पक्की बसवली. भाडेकरूने पाटी दोऱ्याने टांगावी, असं मी म्हटलं, तर म्हणाला, पाटी लागली की घर आपलं.

एक गंमत लिहायची राहिली. मागे जागा बघायला आलो तेव्हा रिकाम्या घरातून निघताना मी सवयीने ‘येते हं’ म्हणाले. कोणाला, तर भिंतींना. कमलाकर परळला पोचेपर्यंत हसत होता.

गुरुवार, १७ नोव्हेंबर

मासेवाली मिळाली. रंभा नाव, उरणकडची. मांदेली अगदी ताजी आणि भावात घासाघीस करायला मोठी खमकी. सगळं छान, पण टोपली उचलताना म्हणाली, “जाते.” मला कसंतरीच झालं. मी तिला म्हटलं, असं जाते म्हणू नये, येते म्हणावं. तर चुंबळ सारखी करत म्हणाली, “या दारात आमी येते बोलत नाय, बाय.” मला वाटलं, मघाच्या घासाघिशीचा राग असेल.

पण संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या दमयंतीबाई विरजण घेऊन आल्या. निवृत्त शिक्षिका, चांगल्या सुशिक्षित. त्याही निघताना “जाते मी” म्हणाल्या. समोरचे जोशीही सकाळी बायकोला “जातो गं” असं ओरडून जिना उतरतात. आमच्याकडे फक्त मेलेला माणूस जातो, बाकी सगळे येतात. इथली सगळीच माणसं या बाबतीत जरा अडाणी दिसतात.

मंगळवार, २२ नोव्हेंबर

दुपारी तांदूळ निवडत बसले होते. कुलपात किल्ली फिरली. कमलाकर खाकरला, एकामागून एक दोन बूट पडले, माठावरचं झाकण वाजलं. मी आतूनच विचारलं, इतक्या लवकर कसा? ताट बाजूला ठेवून बाहेर आले, तर हॉल रिकामा. बूट नाहीत. माठाजवळ पेला मात्र उपडा घातलेला आणि ओला.

बसल्या जागी डुलकी लागली असेल. कमलाकर नेहमीच्या वेळी आला, तसाच खाकरला, तसेच बूट टाकले. त्याला सांगितलं, तर म्हणाला, नवऱ्याची इतकी आठवण येते हे आधी का नाही सांगितलंस. मीही हसले.

सोमवार, २८ नोव्हेंबर

कालचं लिहायला काल हात उचलला नाही.

रविवार म्हणून कमलाकर घरी होता. सकाळी मी पनवेलच्या बाजारात भाजीला गेले. निघताना अर्थात ‘येते हं’. परत आले तर तो पेपर वाचत होता. मान वर न करता म्हणाला, आता पुन्हा कुठे गेली होतीस? मी म्हटलं, पुन्हा म्हणजे? तर म्हणाला, मघाशी आलीस, पिशवी ठेवलीस, नळ सोडलास, गुणगुणत होतीस. मी चहा मागितला तर हं म्हणालीस.

माझी फिरकी घेतोय की काय, म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. फिरकी नव्हती. स्वयंपाकघरात गेले. गॅसवर चहाचं आधण उकळत होतं.

ते मी मोरीत ओतून दिलं. कमलाकरला म्हटलं, मीच ठेवलं होतं, विसरले.

रविवार, ४ डिसेंबर

आज आमचं कडाक्याचं भांडण झालं. त्याने ठरवून टाकलंय, हीच जागा घ्यायची. पाणी चोवीस तास, हवा चांगली, जागा मानवली. मी म्हटलं, मला नाही मानवली. मग तो जे बोलला ते लागलं मला. म्हणाला, तुला कायम दुसऱ्याच्या घरात राहायची सवय झाली आहे, स्वतःच्या घराला तू घाबरतेस. मी! ज्या बाईने ओट्यासाठी इतकी वर्षं झुरून काढली ती! रडूच आलं. मग तशीच खाली दमयंतीबाईंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी उठून दार लोटून घेतलं आणि सांगितलं. आमच्या आधी वर विनायक आणि भामा असं जोडपं होतं. विनायक एका सकाळी येतो म्हणून गेला आणि कळंबोलीजवळ ट्रकखाली आला. सगळं झालं, तेरावं झालं, पण भामा जागा सोडायला तयार होईना. म्हणायची, हे रोज दुपारी येतात, पाणी पितात, मी नसले तर त्यांना कोण देईल? तिच्या भावांनी तिला शेवटी उचलून नेलं. दाराची चौकट तिने अशी धरून ठेवली होती की नखं मोडली. तेव्हापासून या जिन्यावर कोणी येतो म्हणत नाही.

“म्हटलं की येतं,” दमयंतीबाई म्हणाल्या. येतो नाही, येते नाही. येतं. माणूस परतायच्या आधी येतं. माणूस परतला की निघून जातं. आणि माणूस परतलाच नाही, तर मग ते राहतं.

मी विचारलं, आम्हाला आधी का नाही सांगितलंत? त्या खाली बघत म्हणाल्या, तुम्ही पाटी स्क्रूने लावलीत, मला वाटलं घेतलीच जागा.

सोमवार, ५ डिसेंबर

सकाळी कमलाकरला हात जोडले. म्हटलं, माझ्यासाठी आजपासून जातो म्हण. तो दारात उभा राहून मोठ्याने ओरडला, “येतो, येतो, येतो.” आणि हसत जिना उतरला.

दुपारी तीन वेळा किल्ली फिरली.

मंगळवार, १३ डिसेंबर

आता लवकर येतं. कमलाकर गेल्यावर माझं आवरून होतंय तोवर. आणि नुसतं पाणी पिऊन थांबत नाही. खुर्ची ओढली जाते. पेपर उलटल्याचा आवाज येतो. मी गॅलरीत उन्हात बसून राहते, दार लोटून.

आज फटीतून पाहिलं. पाठ दिसली. निळ्या रेघांचा शर्ट. सकाळी मीच इस्त्री करून दिलेला.

भूत विद्रूप असतं तर बरं झालं असतं. त्याच्या कॉलरचं बटण तुटलेलं होतं, आणि मला वाटलं, लावून द्यायला हवं.

सोमवार, १९ डिसेंबर

रंभा आली. मासे घेतले नाहीत, नुसतं तिला बसवून ठेवलं. आत खोकल्याचा आवाज आला तेव्हा तिने टोपली उचलली. “आज शेट घरी हाय काय?” मी नाही म्हटलं. ती जाते एवढंही न म्हणता गेली.

कृष्णकांतरावांचा खाली दमयंतीबाईंकडे फोन आला होता. पहिल्या तारखेच्या रविवारी अमावास्या, मग पौष. त्याआधी काय ते ठरवा. कमलाकरने शनिवारी कळवतो म्हणून सांगितलं. तो घेणार. एकदा सही झाली की आम्ही या घरातून निघत नाही.

शनिवार, २४ डिसेंबर

काल —

काल चार वाजता कमलाकर आला. बेल वाजवून आला. मी दार उघडलं, समोर तो. हातात बॅग. ऑफिस लवकर सुटलं म्हणाला. मला इतका आनंद झाला. चहा केला, दोघं हॉलमध्ये बसलो. फार गोड बोलला. माझं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस म्हणाला. जागेचा विषय मीच काढला, तर म्हणाला, विकत कशाला घ्यायची, आपण राहतोच आहोत की. मी मनात म्हटलं, सुटले. डोळे भरून आले माझे.

तेवढ्यात बेल वाजली.

दार उघडलं. दारात कमलाकर. घामाघूम. बस बंद पडली म्हणत होता, आणि बोलता बोलता थांबला. माझ्या मागे, हॉलमध्ये, कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला. त्याने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं.

त्याने काय पाहिलं ते तो सांगत नाही. मी वळले तर हॉल रिकामा. दोन कप. दोन्ही प्यायलेले. दोन्ही गरम.

कमलाकर पायरीवर बसला आणि माझा हात धरून लहान मुलासारखा रडला. मीही रडले. पण इतक्या दिवसांनी मला हलकं वाटलं. जागा नको. सोडायची.

बुधवार, २८ डिसेंबर

त्याने रजा टाकली आहे. आम्ही दोघं कुठेच जात नाही. कोणी गेलं नाही की काही येत नाही. दूध, भाजी दमयंतीबाई दाराशी ठेवतात.

कृष्णकांतरावांना नाही म्हणून कळवलं. टेंपो रविवारचा ठरवला. अमावास्येला घर हलवत नाहीत, सासूबाई असत्या तर अंथरूण धरलं असतं. पण त्यापुढे एक दिवसही नको.

निघताना जातो म्हणायचं. दोघांनीही. मी आरशासमोर म्हणून बघते. जाते. ओठावर येतं आणि परततं. लहानपणी एकदा म्हटलं होतं, तर आईने तोंडावर चापट मारली होती.

शुक्रवार, ३० डिसेंबर

कमलाकरची रंगीत तालीम चालू आहे. जातो. जातो. दहादा बरोबर म्हणतो. मग बाथरूममध्ये शिरताना म्हणतो, आलोच.

मी किंचाळले. त्याला कळलंच नाही, तो काय म्हणाला.

काही झालं नाही. घरातल्या घरात काही होत नसावं. नसावं —

रविवार, १ जानेवारी १९९५

टेंपोत बसून लिहितेय. झालं. आधी तो म्हणाला, जातो. मग मी. चौकटीच्या बाहेर पाय टाकून, मोठ्याने. जाते. आत काही वाजलं नाही. कुलूप लावलं. किल्ली दमयंतीबाईंना दिली. त्या म्हणाल्या, “जा.” नुसतं जा. आजवर मला कोणी असं म्हटलं नव्हतं. त्यांच्या पाया पडले.

मागे टेंपोत सामान दोरीने बांधून होतंय. सकाळचं छान ऊन आहे. परळला परत तोच पडदा. चालेल. जन्मभर चालेल.

—

कमलाकरने कपाळाला हात लावला. पाटी राहिली. दारावर.

राहू दे म्हटलं. नको म्हणाला, आपली नावं त्या दारावर नकोत. खरंच आहे. नकोत.

गेला. वळताना म्हणाला —

आलोच म्हणाला.

—

आला. लगेच. बसला माझ्या शेजारी. पाटी त्याच्या मांडीवर आहे. निघाली बघ, म्हणाला. हसतोय. धाप लागलेली नाही. दोन जिने —

कॉलरचं बटण तुटलेलं आहे. मी लावलं होतं. मंगळवारी लावलं होतं मी.

स्क्रू कसे काढले? पेचकस इथे ड्रायव्हरच्या पुढ्यात आहे —

गॅलरीत कमलाकर. घराला तर कुलूप लावलं होतं — वरून ओरडतोय. अरू, पेचकस राहिला. थांबा म्हणतोय, मी आ—

नको. नको म्हणू.

शेजारचा ड्रायव्हरला म्हणाला, चला. गाडी सुरू झाली. माझ्या मनगटावर हात. गरम आहे. त्याचाच आहे.

कमलाकर वर एकटा. दार उघडं. त्याच्या मागे, गॅलरीच्या दारात, मी आत्ता नेसलेय तीच हिरवी साडी —

कमलाकर, मागे बघू नकोस, तिथेच थांब, मी ये—